दोन बोटं वाळवंट

मराठी माणसाला कुणी 'मला टोपी घातली' असं सांगितलं, तर तो हळहळण्याआधी 'कितीची?' असं विचारतो. म्हणून आकडा आधीच सांगून टाकतो : ३२ डॉलर. घालणारी माझी पोटची मुलगी, ठिकाण अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातलं टूसॉन, आणि टोपी अगदी खरीखुरी, डोक्यावर घालायची. सौ.ने दुकानातच गुणाकार केला आणि माझ्या कानाशी कुजबुजली, "सत्ताविसशे! एवढ्यात वर्षाचं तिखट होतं."

टोपी वाळूच्या रंगाची. मागच्या अर्ध्या भागाला जाळी, पुढे चोच, आणि कपाळावर येणाऱ्या भागात रंगीत दोऱ्यांचा कशिदा. खाली तपकिरी जमीन, तिच्यामागे जांभळे डोंगर, त्यावर पिवळा, केशरी, गुलाबी असे मावळतीचे तीन पट्टे. मधोमध एक हिरवागार निवडुंग, पोलिसांनी पकडल्यासारखे दोन्ही हात वर करून उभा. सगळा देखावा मोजून दोन बोटं उंच. माझ्या डोक्यावरचं मूळ वाळवंट निसर्गाने दिलेलं आहे आणि ते गेली वीस वर्षं वाढतंच आहे. त्याच्यावर हे दुसरं पांघरायचं, एवढाच काय तो प्रश्न होता.

खरं तर माझ्यासारख्याने वाळवंट बघायला सातासमुद्रापार जाणं हाच विनोद. मी आटपाडीकडचा. आमच्याकडे ढग येतात ते पत्ता चुकल्यासारखे येतात आणि ओशाळून निघून जातात. उघडा माळ, तापलेला मुरूम आणि काटे हे सगळं आम्ही फुकट बघत मोठे झालो. मुलीने तिकडे गाडीत बसवून "बाबा, आज तुम्हाला वाळवंट दाखवते" म्हटलं, तेव्हा मला गावाकडचे लोक आठवले. दुष्काळ बघायला तिकीट काढतात हे कळलं असतं, तर प्रत्येक बांधावर एक खिडकी उघडून बसले असते.

त्यात बघायचा तो निवडुंगच. आमच्या बांधावर फड्या निवडुंग असायचा. त्याची लालभडक बोंडं खाऊन जीभ रंगवायची आणि जिभेत रुतलेली बारीक कुसं काढून घ्यायला आईपुढे आ वासून बसायचं, हा आमचा उन्हाळी उद्योग. पुढे कळलं की निवडुंगाच्या कुळातल्या जवळजवळ सगळ्या जाती मूळच्या अमेरिका खंडांतल्या, आणि आमचा फड्याही तिकडचाच. म्हणजे माझी मुलगी तिकडे स्थायिक व्हायच्या कितीतरी आधी हा गडी इकडे स्थायिक झालेला, तोही व्हिसाशिवाय. त्याचे गाववाले बघायला जाणं हे एका अर्थी सोयरिकीचंच काम होतं.

टोपीवरच्या निवडुंगाचं नाव सग्वारो. मी तसंच म्हणत होतो, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, 'ग' म्हणायचा नाही. सवारो." लिहायचा आणि म्हणायचा नाही असा तो 'ग' आहे. सौ.ने पहिल्याच दिवशी त्याचं 'सावरो' केलं आणि काम भागवलं. या झाडांसाठी १९३३ साली तिथली जमीन राखून ठेवली गेली आणि १९९४ मध्ये तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. उद्यानाचे दोन तुकडे आहेत, एक पूर्वेला, एक पश्चिमेला, आणि मधे अख्खं टूसॉन शहर. भावाभावांच्या वाटणीत मधली खोली तिसऱ्याच माणसाला जावी, तसं.

आम्ही मे महिन्यात गेलो. चाळीस फुटांचा सावरो समोर उभा राहिला आणि माझी मान आपोआप मागे गेली. त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत निऱ्या असतात. पाऊस पडला की उथळ पसरलेली मुळं पाणी ओढून घेतात, निऱ्या उकलतात आणि झाड फुगतं. कोरड्या दिवसांत त्याच निऱ्या पुन्हा मिटतात. पेटीच्या भात्यासारखं, फक्त एक सूर वाजायला सहा महिने. सुतारपक्षी त्याच्या खोडात भोकं पाडतात आणि वापरून सोडून देतात, मग त्यात छोटी घुबडं येऊन राहतात. झाड त्या जखमेभोवती आतून टणक कवच धरतं, म्हणून पाणी गळत नाही. मूळ भाडेकरूने परस्पर पोटभाडेकरू ठेवला तरी घरमालकाने आतून गिलावा करून द्यावा, हे पुण्यात कुणाला सांगून पटणार नाही.

आणि त्या दिवसांत प्रत्येक सावरोच्या डोक्यावर टोपी होती! खोडाच्या आणि हातांच्या अगदी शेंड्यांवर पांढऱ्या फुलांचा झुबका. ही फुलं रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटून जातात. एवढ्यात वटवाघळं, कबुतरं, मधमाश्या, ज्याला यायचं त्याने येऊन जायचं. पुढे जूनच्या अखेरीस लाल फळं धरतात. तिथले मूळ रहिवासी तोहोनो ओओधम ती काढतात, आणि उंचावरची फळं पाडायची काठी वाळलेल्या सावरोच्याच फासळ्यांची करतात. फळांच्या रसाची दारू करून पावसाला बोलावणं धाडतात. आमच्याकडे पावसासाठी भांगलण थांबवून भजन करतात. पाऊस दोन्हीकडे आपल्या मर्जीनेच येतो.

वाटेवर आम्हाला एक रेंजरबाई भेटल्या. त्यांची टोपी वेगळी, सपाट काठाची, कडक, फौजदारी थाटाची. टोपीच्या चामडी पट्ट्यावर नक्षी उठवलेली होती. मला वाटलं, निवडुंग असणार. तर ती निघाली सिक्वॉया नावाच्या अजस्र वृक्षाची शंकूफळं! तो वृक्ष कॅलिफोर्नियातल्या थंड डोंगरांवरचा, पण राष्ट्रीय उद्यानांच्या खात्यात सगळ्यांना पट्टा तोच. जिथे चार हात सावली मिळायची मारामार, तिथे त्या बाई जगातल्या सगळ्यात मोठ्या झाडाची फळं कपाळावर मिरवत हिंडत होत्या.

त्यांनी आम्हाला एका झुडपाखाली वाकून बघायला सांगितलं. झाडाचं नाव पालो व्हर्दे. पानं बारीक, नावापुरतीच. सालच हिरवी आणि अन्न करण्याचं बरंचसं काम तीच करते. त्याच्या बुंध्याशी अंगठ्याएवढा एक काटेरी गोळा होता. तो सावरो. वय दहाच्या आसपास. पहिल्या आठ-दहा वर्षांत हे झाड जेमतेम इंच-दीड इंच वाढतं आणि उघड्या उन्हात बहुतेक रोपं टिकतच नाहीत. कुणा मोठ्या झाडाची सावली मिळाली तर वाचतात. रेंजरबाई त्या झाडाला दाई म्हणाल्या.

"आणि हा मोठा झाल्यावर त्या दाईचं काय होतं?" सौ.ने मराठीतूनच विचारलं. मुलीने भाषांतर केलं. उत्तर आलं की सावरो मोठा होऊन पाणी ओढायला लागला, की दाई-झाड बऱ्याचदा आधी वाळतं. त्याचं भाषांतर मुलीने जरा थांबून केलं आणि लगेच म्हणाली, "आई, पाणी पी. ऊन फार आहे."

टोपी घेतली ती यानंतर, उद्यानातल्या दुकानात. भिंतभर टोप्या होत्या. डेलिकेट आर्चची कमान, डेथ व्हॅलीचं मिठागर, जोशुआ ट्रीची वेडीवाकडी झाडं. प्रत्येक वाळवंटात सूर्य मावळतच होता. दुपारची टोपी कुणी काढलेली नाही, आणि वाळवंटातली दुपार बघितल्यावर ते पटतं. गंमत पुढे विमानतळांवर आणि पेट्रोलपंपांवर कळली. हात वर केलेला सावरो टेक्सासच्या टोपीवर होता, यूटाच्या लाल सुळक्यांशेजारीही होता. प्रत्यक्षात तो फक्त सोनोरन वाळवंटात उगवतो : दक्षिण अ‍ॅरिझोना, खाली मेक्सिकोतला सोनोरा आणि कॅलिफोर्नियाची एक कड. बाकी सगळीकडे तो टोपीवरच वाढतो. 'याची टोपी त्याच्या डोक्यावर' ऐकलं होतं. याचं झाड त्याच्या टोपीवर हे तिथे बघितलं.

माझ्या टोपीवरचा निवडुंगही हिशोबाला चुकलेलाच. उंची दीड इंच, म्हणजे खऱ्या मोजमापाने वय वर्षं दहा. पण दोन हात फुटलेले, आणि सावरोला पहिला हात फुटायलाच पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात. दहा वर्षांच्या पोराला पेन्शन सुरू झाल्यासारखं.

हा पंचाहत्तर वर्षांचा पल्ला यंत्र किती वेळात गाठतं, तेही बघायला मिळालं. रविवारच्या बाजारात एक बाई घडीच्या टेबलावर यंत्र मांडून टोप्या भरून देत होत्या. टोपी अर्धगोल चौकटीवर ताणून बसवलेली, समोरच्या पडद्यावर टाक्यांची संख्या : ८,२१४. सुया सहा, प्रत्येकीत वेगळा दोरा. बारा-तेरा मिनिटांत सूर्य मावळून मोकळा. यंत्र आधी खालची जमीन भरायचं आणि मग वर चढायचं, मधून बाजूला सरकायचं. टोपी गोल, तेव्हा उलट गेलं तर कापड पुढे ढकललं जाऊन सुरकुती पडते, असं बाईंनी सांगितलं. निवडुंग बरोबर मधल्या शिवणीवर का, तर तिथे कापड जाड, सुई भरकटते. सरळ उभ्या खोडाखाली ती शिवण झाकली जाते. म्हणजे निवडुंग मधोमध उभा होता तो तोऱ्यात नव्हे, शिवणीची लाज राखायला.

सौ. मात्र यंत्राकडे बघत नव्हती, दोऱ्याकडे बघत होती. "हिरवा एकच आहे," ती म्हणाली. मला दोन दिसत होते, खोड गडद आणि हात फिके. "एकच आहे. खोडाला उभा टाका घातलाय, हाताला आडवा. उजेड वेगळा पडतो." बाईंना मुलीने हे सांगितलं, तर त्यांनी हातातलं काम सोडून सौ.कडे वळून बघितलं.

सौ.चं माहेर जतकडचं, कर्नाटकाच्या वेशीवर. तिच्या आजीने तिला कसुती शिकवलेली. कसुतीत दोऱ्याला गाठ मारत नाहीत, कापडाचे धागे मोजून गोपुर, रथ, तुळशीवृंदावन भरतात आणि दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत. तेव्हा तिने माझी टोपी डोक्यावरून काढली आणि सरळ उलटी केली. आत ना डोंगर, ना मावळती. खालच्या बॉबिनचा दोरा सगळीकडे पांढराच, त्यामागे कडक बकरम आणि इथून तिथे उड्या मारलेली दोऱ्यांची टोकं. "बाहेरून सोहळा, आतून नुसतं वारूळ," ती म्हणाली. मुलीने आईची समजूत घातली की न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्स नावाचं उद्यान आहे, तिथलं वाळवंट असंच पांढरंशुभ्र आहे, जिप्समचं, आणि उन्हातही पायाला फारसं भाजत नाही. तेव्हा बाबांना बाहेरून एक वाळवंट आणि आतून दुसरं, एका पैशात दोन. सौ.ने पुन्हा गुणाकार केला, पण या वेळी काही बोलली नाही.

मला वाटायचं, लोक एवढ्या टोप्या का घेतात? उत्तर त्याच राज्यातल्या पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये मिळालं. तिथे वीस-बावीस कोटी वर्षांपूर्वीचे वृक्ष दगड होऊन पडले आहेत, इंद्रधनुष्यी रंगांचे. तुकडा उचलायला बंदी. तरी लोक उचलतात आणि मग पश्चात्तापाने पोस्टाने परत पाठवतात. सोबत पत्र : 'हा दगड घरात आला आणि आमचे ग्रह फिरले.' कुणाचं लग्न मोडलं, कुणाची गाडी. पण तुकडा मूळचा कुठला हे कळायला मार्ग नाही, म्हणून तो जागेवर ठेवता येत नाही. अशा परतलेल्या दगडांचा वेगळा ढीगच आहे. शनीची साडेसाती फक्त आपल्याकडेच लागते, हा माझा समज तिथे गळून पडला.

माणसाला सुंदर जागेतून रिकाम्या हाताने निघवत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोक कॅलिफोर्नियातल्या वाळवंटातून निवडुंग उपटून बागांसाठी नेत होते. मिनर्व्हा हॉइट या पॅसाडीनाच्या बाईंनी त्याविरुद्ध कंबर कसली आणि न्यूयॉर्क, बॉस्टन, लंडनमध्ये वाळवंटाचे देखावे मांडून लोकांना ते दाखवलं. त्यांच्या खटपटीमुळे १९३६ साली जोशुआ ट्रीचा प्रदेश राखला गेला. ते वाचल्यावर माझ्या टोपीकडे मी जरा आदराने बघायला लागलो. काहीही न उपटता वाळवंट घरी न्यायचं, तर ३२ डॉलर फार नाहीत. सौ.समोर मात्र हे वाक्य मी म्हटलेलं नाही.

टोपीची एक अडचण घरी आल्यावर कळली. चित्र ज्याच्या डोक्यावर, त्यालाच ते दिसत नाही. मला चोचीची सावली दिसते. मावळती बघतात समोरचे. एकदा दुपारी जेवून उठलो, तर खुंटीवर टोपी नव्हती. सौ. खिडकीशी चष्मा चढवून बसली होती. बकरममध्ये एक सुई मोडली होती, दुसरी वाकली होती. निवडुंगाच्या डाव्या अंगाला, तपकिरी जमिनीवर, तिने फिकट हिरव्या दोऱ्याने एक झाड भरलं होतं. थोडं कललेलं, बारीक पानांचं. यंत्राच्या गुळगुळीत टाक्यांशेजारी ते चांगलंच खडबडीत दिसत होतं. मी उलटून बघितलं. आतल्या पांढऱ्या पसाऱ्यात तेवढंच झाड दोन्ही बाजूंनी सारखं होतं.

"हे काय आता?"

"एकटाच उभा केलाय त्याला. असा कसा वाढेल?"

परवा आटपाडीच्या एसटीत कंडक्टरने तिकीट फाडता फाडता टोपीकडे बघितलं. "काका, निवडुंग कळला. शेजारी ही बाभळ का?"

"बाभळच समजा," मी म्हणालो.

सौ. खिडकीबाहेर माळाकडे बघत होती. "तिकडे आत्ता किती वाजले असतील हो?"

मी घड्याळात बघून साडेबारा तास मागे मोजले. "अकरा. रात्रीचे."

"झोपली असेल," ती म्हणाली, आणि ऊन माझ्या बाजूने येत होतं म्हणून तिने टोपीची चोच जराशी खाली ओढली.