शिंगांची घाई

रविवारी सकाळी मी सायकल बाहेर काढली की बायको ओट्याजवळूनच विचारते, "निघालात का शिंगं मोडायला?"

पूर्ण म्हण वापरायची तिला आता गरज उरलेली नाही. सत्तावन्नाव्या वर्षी केसांना मेंदी लावून वासरं बघायला जाणारा नवरा असला, की 'शिंगं मोडून वासरांत' ही तिच्या लेखी म्हण राहत नाही, नुसती माहिती होते.

हजीऱ्यात वासरं आहेत हे इथे पंधरा वर्षं राहूनही मला ठाऊक नव्हतं. हजीरा म्हणजे समुद्रातून आलेला गॅस, कृभकोचा युरिया, पोलाद, जेटीवरच्या क्रेन आणि रात्री आभाळ तांबडं करणारी धुरांड्यावरची ज्योत. मी मेंटेनन्सचा माणूस. व्हॉल्व्ह गळतो का, बेअरिंग तापतं का, यापलीकडे मान वर करायची सवय नव्हती. मात्र गावाकडची दोन माणसं इथे भेटतात असं मला नेहमी वाटायचं. एक तापी, जी खानदेश पालथा घालून इथेच समुद्राला मिळते. दुसरा महामार्ग. आमचं गाव पारोळ्याजवळ, जुन्या सहा नंबरच्या हायवेला लागून. लहानपणी त्या रस्त्यावर 'हजीरा' असं लिहिलेला दगड बघून मला ते एखाद्या दर्ग्याचं नाव वाटायचं. त्या दगडाच्या बोटाला धरून पुढे नोकरीला इथे येईन, असं वाटलं नव्हतं. त्या हायवेचा नंबर सरकारने पुढे बदलला आणि त्रेपन्न केला. मी अजून सहाच म्हणतो.

तर सुवालीच्या बाजूला, खाडीच्या अलीकडे, वेड्या बाभळीतून सुटलेला गवताचा एक पट्टा आहे. गुजरातीत गौचर, आपलं गायरान. तिथे एका रबारीभाईंच्या दहा-बारा काँक्रेज गाई चरतात. काँक्रेज म्हणजे बनासकांठ्याकडची जात. करडा रंग, रुंद कपाळ आणि बाक घेऊन वर निघालेली दणकट शिंगं. या शिंगांवर कातडी बरीच वरपर्यंत चढलेली असते, त्यामुळे हातमोजे अर्धे घालून ठेवल्यासारखी दिसतात. गाय मान वळवून बघते तेव्हा आपण उगाच खिशातून ओळखपत्र काढायला जातो.

माघात तिथे एक पाडा जन्मला. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो चार दिवसांचा होता आणि त्याच्या डोक्यावर मेंदी होती. खरंच. काँक्रेजचं वासरू जन्मतं तेव्हा टाळूवर तांबूस रंग असतो आणि सहा ते नऊ महिन्यांत तो आपोआप जातो. त्याचा रंग आणि माझा रंग अगदी एका पुड्यातला. फरक एवढाच, की त्याला तो वाढता वाढता टाकायचा होता आणि मला दर तीन आठवड्यांनी पुन्हा मिळवायचा होता. आम्ही दोघं एकाच जिन्यावर भेटलो होतो, तो चढत होता आणि मी... असो.

त्याच्या कपाळाच्या दोन कोपऱ्यांना तेव्हा केसांचे नुसते भोवरे होते. शिंग आधी दिसत नाही, बोटाला लागतं. पहिल्या महिन्यात लिंबोळीएवढं काहीतरी कातडीखाली सरकतं. दाबलं तर इकडून तिकडे जातं, कारण ते अजून कवटीला धरलेलं नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ते जागा धरतं आणि मग हलत नाही. या दिवसांत वासराच्या डोक्याला अशी काही खाज सुटते, की ते खांब, बाभळीचं खोड, आईची मांडी, जे मिळेल त्यावर डोकं घासतं. माझी सायकल त्याने दोनदा पाडली. मी खाजवत बसलो की मान लांब करून डोळे मिटायचं. चाळीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कुठल्याही कामावर कुणी इतका समाधानी चेहरा केलेला नाही.

मोठ्या डेअऱ्यांमध्ये याच वयात तापल्या लोखंडाने ही लिंबोळी जाळून टाकतात, म्हणजे पुढे एकमेकांना भोसकाभोसकी नको. त्यांची अडचण मला कळते. पण म्हणीचं काय करायचं? तिथे वासरांचीच शिंगं मोडलेली, मग म्हाताऱ्याने आत शिरताना बाहेर काढून ठेवायचं काय?

रबारीभाईंना मी एकदा उतावळेपणाने विचारलं, याची आईसारखी शिंगं कधी होतील? ते काठीवर हनुवटी टेकवून म्हणाले, "शिंगडांनी उतावळ ना कराय, साहेब." मग त्यांनी त्याच्या आईला हाक मारली आणि तिच्या शिंगाच्या बुडाशी असलेली वळी मला बोटाने मोजून दाखवली. गाय व्याली की शिंगावर एक वळं उमटतं. चार वळी, चार वेतं. आमच्या कंपनीत असली सोय असती तर एचआरचं निम्मं काम वाचलं असतं.

पाड्याची खरी मिजास त्याच्या चालीत होती. काँक्रेजच्या चालीला 'सवाई चाल' म्हणतात. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्याही पुढे पडतो. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायची मेंटेनन्सवाल्याला परवानगी नसते. ज्येष्ठात पहिल्या पावसानंतर मी खिशातला टेप काढून चिखलात उकिडवा बसलो आणि आईचे ठसे मोजले. मागचा खूर पुढच्याला ओलांडून चांगला चार बोटं पुढे. पाड्याचे ठसे मात्र मोजता आले नाहीत, कारण तो चालत नव्हताच. शेपूट वर करून चौखूर उधळायचा, मध्येच थांबून आपण का उधळलो याचा विचार करायचा आणि आईकडे जाऊन कासेला ढुशा द्यायचा. ढुशी दिली की पान्हा सुटतो, हे त्याला जन्मल्यापासून माहीत. खांबाला ढुशी देऊन काही सुटत नाही, हे शिकायला त्याला तीन महिने लागले.

याच रक्ताची गुरं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बोटीतून ब्राझीलला गेली. तिथे त्यांना गुझेरा म्हणतात, म्हणजे आपलं गुजरातच. तिकडे वासराकडे बघतात ते वजनकाट्यावरून, कारण ते मुख्यतः गोमांसाचं गुरू. अमेरिकेत याच गुजराती गुरांत गीर, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठची जात मिसळून मांसासाठीच एक नवी जात घडवली. १९२४ साली तिची संस्था निघाली आणि त्या जातीचं नाव ठेवलं 'ब्राह्मण'. यावर मी काही बोलणार नाही, आमचे शेजारी कोकणस्थ आहेत.

इकडे कापायचा प्रश्न नाही, पण नांगराचाही राहिलेला नाही. ट्रॅक्टर आल्यापासून पाडा जन्मला की गवळ्याच्या कपाळाला आठी पडते. हायवेच्या दुभाजकावर रवंथ करत बसलेले ते सगळे कुणाचे तरी असे पाडेच. आमचा वाचला तो आईच्या चालीवर. रबारीभाई त्याला वळू म्हणून ठेवणार आहेत.

एके काळी सुवालीला गोऱ्यांची जहाजं नांगरत आणि माल बैलगाड्यांतून सुरतेला जाई. १६१२ ची इंग्रज-पोर्तुगीज लढाई याच किनाऱ्यासमोर झाली. सतराव्या शतकात आलेल्या प्रवाशांनी सुरतेच्या पांढऱ्याशुभ्र बैलांचं आणि त्यांच्या शिंगांवरच्या पितळी टोप्यांचं वर्णन करून ठेवलंय. ते वाचून मी बायकोला म्हणालो, "अगं, या तर आपल्या शेंब्या!" ती काही बोलली नाही. पण श्रावणात माहेरी गेली ती पारोळ्याच्या बाजारातून पितळेच्या शेंब्यांचा जोड घेऊन आली. बरोबर हिंगूळ आणि गोंडेही.

पोळ्याला पहिल्यांदाच ती माझ्याबरोबर आली. पाड्यासमोर उभी राहून तिने आधी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. तांबूसपणा जवळजवळ गेला होता, करडा रंग वर आला होता. मग तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं. मग त्याचं कपाळ खाजवायला लागली. पुढची वीस मिनिटं मला कुणी विचारलं नाही.

शेंब्या काही बसेनात. शिंगं जेमतेम बोटभर, शेंबी घालावी की घरंगळावी. एक गवतात हरवली, ती शोधण्यात सगळेच वाकले. पाड्याने ती वेळ साधून गोंडा खाल्ला.

"आवती साल," रबारीभाई म्हणाले.

पुढच्या पोळ्याला मी रिटायर झालेलो असेन. क्वार्टर सोडावं लागेल आणि सहा नंबरच्या हायवेने सामान परत जाईल. हे त्यांना सांगावं की नाही, असा मी विचार करत होतो, तोवर बायकोने शेंब्या फडक्याने पुसून त्यांच्या हातावर ठेवल्या. "तुमच्याकडेच असू द्या, भाई."

त्यांनी एक शेंबी उलटसुलट करून बघितली, उन्हात धरली आणि स्वतःच्या अंगठ्यावर चढवली. बरोबर बसली.