आधी नोकरी, मग पळणं

"वैनी, तुमचं बारकं पहाटं पहाटं कुठं जायलंय वो? साडेचारलाच गेटची कडी वाजती."

"पळायला जातंय काकू. कॅम्पातून निघतंय ते पार येलदरी धरणाच्या भिंतीपर्यंत. पोलीस भरती निघणार म्हणं. सोळाशे मीटर काढायचंय."

"अन् भरती झाल्यावर?"

"झाल्यावर कशाला पळंल? ढेरी सुटंल की."

"हेच! आपल्याकडं पळणं म्हंजे भरतीपुरतं. त्या अविनाश साबळेचं बघा, सगळं उलटंच. आधी नोकरी लागली, पळणं मागून आलं."

"कोणता साबळे?"

"आपल्या बीडचा वो. मांडवा गाव, तालुका आष्टी. आईबाप शेती करायचे, वीटभट्टीवर राबायचे. शाळा सहा किलोमीटर लांब, गाडीघोड्याचं नाव नाही. पोरगं चालत, पळत जायचं. बारावी झाली अन् फौजेत लागलं, पाच महार रेजिमेंटमधी. सियाचीनचा बर्फ झाला, राजस्थानचं ऊन झालं, मग सिक्कीम. तवर त्याला कोण इचारतंय? 2015 ला फौजेतल्या क्रॉस कंट्रीत उतरला, तेव्हा विशी पार झालेली. त्या वयात आपण पोरांना काय म्हणतो? बास झाला खेळ."

"आमचे हे तर सतराव्यालाच म्हणायलेत."

"मधी वजनही वाढलं होतं गड्याचं. अमरीश कुमार म्हणून फौजेतलेच कोच, त्यांनी हेरला अन् स्टीपलचेसला घातला."

"ते काय असतं?"

"अडथळ्यांची शर्यत. तीन हजार मीटर. अठ्ठावीस अडथळे, वर सात येळा पाणी. आपल्या मराठवाड्याचाच तो तेजस शिरसे 110 मीटर हर्डल्स पळतो ना, 2024 ला फिनलंडात 13.41 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला त्यानं, त्याच्या हर्डलला पाय लागला तर हर्डल पडती. साबळेच्या शर्यतीत तीन फूट उंचीवर जाडजूड लाकूड आडवं असतं. ते हलत नाही, माणूसच पडतो. अन् पाण्याचा खड्डा बारा फूट लांब. लाकडाशी खोल, पुढं उथळ. म्हणून लाकडावर पाय देऊन जमंल तितकं लांब जायचं. जवळ पडला की भिजला, भिजला की जड झाला."

"आष्टीचं पोरगं अन् पाण्यावरून उड्या? तिथं प्यायला टँकर लागतो माय!"

"अन् ती ललिता बाबर, 2016 ला रिओत ह्याच शर्यतीच्या फायनलला दहावी आली, ती माणदेशातली. तिथंही पाण्याचे तेच हाल. अन् आपण येलदरीत पूर्णेचं एवढं पाणी अडवून बसलाव, आपली पोरं त्यात म्हशी धुवायलीत."

"म्हशीबी धुवाव्याच लागतात की."

"लागतात बाई, लागतात. तर 2018 ला भुवनेश्वरला त्यानं गोपाळ सैनींचा 1981 चा विक्रम मोडला. पण खरी मजा दोह्यात, 2019 ला. जागतिक स्पर्धा, प्राथमिक फेरी. पुढचे गडी अडखळले अन् हा मधीच अडकला. बाहेर! आपल्या लोकांनी तक्रार केली, पंचांनी फिल्म बघितली अन् घेतला फायनलला. तिथं तेरावा आला, पण 8:21.37 मधी, ऑलिम्पिकचं तिकीटच काढून आला."

"तक्रार केली नसती तर?"

"तर कोण साबळे म्हणून तुम्ही अजून इचारलं असतं."

"ते तर आताबी इचारलंच की."

"मग 2022, बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल. 1998 पासून दर येळी तिन्ही पदकं केनियाचीच. हा दुसरा आला, अन् पहिल्यात न् ह्याच्यात फरक पाच शतांश सेकंदांचा! पापणीसुद्धा लवत नाही तेवढ्यात. पुढल्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण."

"अन् ऑलिम्पिक?"

"पॅरिसला फायनल गाठली, ह्या शर्यतीत आपला एकही पुरुष त्याआधी तिथवर गेला नव्हता. अकरावा आला, 8:14.18. मला राग आला होता, खरं सांगते. महिनाभर आधी त्याच पॅरिसात 8:09.91 पळाला होता. पण तेवढा पळता तरी पदक नव्हतं. तिसरा आलेला 8:06 मधी आला. मग राग कुणावर काढता?"

"आता काय करायलाय?"

"2025 च्या जुलैत मोनॅकोला पडला. पाण्याच्याच उडीला. गुडघ्याचा लिगामेंट गेला, ऑपरेशन करावं लागलं."

"अगं माय! काकू, हे तेवढं आमच्या ह्यांच्याम्होरं बोलू नका. पोराचे बूट लपवायला त्यांना निमित्तच पायजे."