बिझी लेखकराव

लेखकरावांना फोन केला की ते आधी 'लिहितोय, दोन मिनिटंच बोलतो' म्हणतात आणि मग पाऊण तास सोडत नाहीत. नोकरी बँकेत, बिऱ्हाड कोथरूडला, प्रसिद्ध पुस्तकं दोन. तिसरं 'चालू आहे'. चालू आहे म्हणजे कुठवर आलंय, हे विचारायचं नसतं.

लेखनाला शिस्त हवी, यावर त्यांची गाढ श्रद्धा. दैवत अँथनी ट्रोलप. एकोणिसाव्या शतकातला हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यातली नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना 250 शब्द काढायचा. अशा 47 कादंबऱ्या त्याने लिहिल्या. लेखकरावांनी सुरुवात घड्याळापासून केली. आधी वाळूचं आणलं. वाळू पडताना बघतच बसावंसं वाटतं, म्हणून मग गजराचं. पहाटे कॉफी घेऊन उठवायला येणाऱ्या नोकराला ट्रोलप वर्षाला पाच पौंड जादा द्यायचा, हेही त्यांनी उत्साहाच्या भरात घरी वाचून दाखवलं. वहिनी म्हणाल्या, "अहो, मग आधी पाच पौंड ठेवा इथे. चहा टाकते."

त्यांचा एक्सेलमधला तक्ता मी पाहिलाय. तारीख, उद्दिष्ट, प्रत्यक्ष शब्द आणि कारण असे रकाने. त्यातला 'कारण' हा रकाना एक दिवसही रिकामा नाही. 'उद्दिष्ट 500. प्रत्यक्ष 0. कारण : वरच्या मजल्यावर फरशी बसवताहेत. कटरच्या आवाजात नायिकेला शांतपणे मरता येत नाही.' अस्सल गद्य आहे हो! तो रकाना तेवढा छापला तरी तिसरं पुस्तक होईल.

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाच्या जिवाला पावसाळ्यातच घोर लागतो. जूनमध्ये संपादकांचं पत्र येतं. लेखकराव चार अंकांना 'नक्की' कळवतात. ऑगस्टमध्ये 'शेवटचा हात फिरवतोय' असं सांगतात. पहिला हात अजून लागायचा असतो. मग गणपती येतात, 'विसर्जन झालं की देतोच'. शेवटी एक संपादक थंडपणे म्हणतात, "राहू द्या. तुमच्या चार पानांवर मसाल्याची जाहिरात घेतोय."

त्या रात्री घड्याळ नाही, तक्ता नाही, खास मागवलेलं शाईचं पेन नाही. जेवणाच्या टेबलावर, निवडून ठेवलेल्या मेथीशेजारी, मुलाच्या रफ वहीत लेखकराव एका बैठकीत कथा उतरवतात. आणि खोटं कशाला बोला, बरी असते!

लोक त्यांना आळशी म्हणतात. मला पटत नाही. आळशी माणूस एवढे तक्ते आखायचा नाही. त्यांना लिहिण्याची भीती वाटते. संपादकाची त्याहून जास्त वाटली की लिहून होतं.

मानधन येतं दिवाळीनंतर, तेही आलं तर. त्यामुळे हल्ली ते नवोदितांसाठी 'लेखनाची शिस्त' या विषयावर व्याख्यानं देतात. पुढचं रविवारी सकाळी दहाला आहे, प्रवेश विनामूल्य. जरूर जा, छान बोलतात. फक्त अकराच्या आधी जाऊ नका, ते आलेले नसतात.