बागाईतदाराच्या घरी किन्नू

“एसेन्स नाही घातला तिनं, मी सांगते ना! मावशीनंच पाहिलं.”

पलीकडच्या काकू वॉलकंपाऊंडला टेकून असं बोलायला लागल्या की धुण्याची बादली खाली ठेवलेली बरी. विषय होता कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या सुनेचा संत्र्याचा केक. रविवारच्या भिशीत तिनं तो कापून फिरवला. लांबट, पावासारखा, वरून पांढरी साखर ओघळून वाळलेली. आमच्या ले-आऊटमधल्या बायका एरवी नावं ठेवत ठेवत खातात. त्या दिवशी नुसत्याच खात राहिल्या, आणि फाटकाबाहेर पडल्यावर तीन नंबरच्या वहिनींनी निकाल दिला की एवढा वास येतो म्हणजे बाटलीतलं काहीतरी ओतलेलं असणार.

“मावशी दोन्ही घरी जाते ना,” काकू सांगत होत्या, “तिला शनिवारी ओट्यावर नागवी संत्री दिसली.”

“म्हणजे सोललेली?”

“सोललेली काहून? साल अंगावरच होती. वरचा केशरी रंग तेवढा किसून काढलेला. पांढरीफट्ट! मावशी घाबरली बिचारी, म्हणे ताई, यांना काय रोग पडला? तर सुनेनं त्यातली अर्धी तिलाच देऊन टाकली. म्हणे आजच खा, उद्या सुकतील.”

सुकणारच. फळातलं पाणी धरून ठेवायचं काम सालीचं, आणि तिचा वरचा थरच गेला तर कोण धरणार? पण एसेन्सचा आरोप मात्र तिथंच निकालात निघाला. संत्र्याचा जो वास आपण संत्र्याचा म्हणून ओळखतो तो मुख्यतः त्या रंगीत थरातल्या तेलाचा असतो. साल वाकवली की डोळ्यात जी बारीक चिळकांडी उडते, तेच ते तेल. रसात गोडवा असतो, थोडा आंबटपणा असतो. ओव्हनमध्ये पाऊण-एक तास भाजल्यावर त्याच्या वासाचं फारसं काही उरत नाही. हे न कळल्यामुळेच तीन नंबरच्या वहिनींचा गेल्या वर्षीचा केक तसा झाला होता. त्यांनी पेलाभर रस ओतला, रंगही येईना म्हणून आणखी ओतला, मग तो फुगावा म्हणून चमचाभर सोडा लोटला. खालून शिरा, वरून काळपट आणि जिभेवर साबण. आम्ही सगळ्यांनी “छान, ओलसर झालाय” म्हटलं होतं. भिशी चालू ठेवायची असते.

“पण खरी बातमी तर पुढंच आहे,” काकूंनी आवाज उतरवला आणि कोपऱ्याकडे एक नजर टाकली. “ती संत्री नव्हतीच. किन्नू होते.”

“काय सांगता काकू!”

“हौ न! बागाईतदाराच्या घरात किन्नू!”

माझं आश्चर्य खोटं नव्हतं. कोपऱ्यावरच्यांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. सासरे आंबिया आणि मृग या दोन बहारांखेरीज तिसऱ्या विषयावर बोललेले कुणी ऐकले नाहीत. फळगळ झाली की त्या घरात आठवडाभर टीव्ही लागत नाही. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते प्रमाणपत्र जणू त्यांच्याच नावानं निघालं होतं. अशा घरात पंजाबचं फळ, तेही सुनेनं पिशवीत मेथीच्या जुडीखाली दडवून आणलेलं!

“सासऱ्यांना दिसले?”

“नाही तर काय! फ्रिज उघडला आणि उभेच राहिले. म्हणाले, आपल्या घरी पेट्या पडल्यात आणि तू हे विकत आणून राहिली? ती पण कोल्हापूरची आहे बाप्पा, गप्प बसते का! म्हणाली, बाबा, तुमचं संत्रं खायला एक नंबर, पण किसणीवर धरून दाखवा.”

इथं मी सुनेच्या बाजूची. नागपुरी संत्र्याची सैल साल हा त्याचा मोठा गुण. लहान पोरही अंगठा घालून सोलतं. पण तीच सैल साल किसणीखाली दबते, आत जाते, आणि केशरी थराबरोबर खालचा पांढरा भागही किसला जातो. कडूपणा येतो तो त्या पांढऱ्यातून. किन्नूची साल फळाला घट्ट चिकटलेली असते, त्यामुळे किसणी वरवर फिरवता येते. घट्टपणात लिंबू त्याहून सरस.

आणि सासऱ्यांचा राग तसा उलट्या पायावर उभा होता. वरुड भागाला आपण अभिमानानं विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतो. किन्नू तर खऱ्याच कॅलिफोर्नियाचा! तिथल्या रिव्हरसाइडच्या संशोधन केंद्रात फ्रॉस्ट नावाच्या शास्त्रज्ञानं 1915 मध्ये दोन जातींचा संकर केला आणि 1935 मध्ये ते वाण बाहेर आलं. पंजाबात ते नंतर रुजलं, अबोहरकडच्या बागा आज त्यानं भरल्यात. म्हणजे कॅलिफोर्निया म्हणून मिरवायचं आणि कॅलिफोर्नियाचा पाहुणा आला की मेथीखाली लपवायचा. हे मी काकूंना सांगितलं, तर म्हणाल्या, “त्यांच्यासमोर नको बोलू माय, आधीच बीपी आहे त्यांना.”

“मग मिटलं कसं?”

“सासूनं मिटवलं.” काकूंनी पदर सारखा केला, म्हणजे आता सविस्तर. “ती बाई दर दिवाळीच्या आधीपासून गच्चीवर संत्र्याच्या साली वाळवते, उटण्यासाठी. ती म्हणाली, किसणीच कशाला पाहिजे? साल सोला, आतलं पांढरं चमच्यानं खरवडून टाका आणि ओलीच साल साखरेबरोबर मिक्सरमधून काढा. झालं! साखर केशरी झाली, घरभर वास. सुनेनं पुढचा केक तसाच केला. भिशीत आपण खाल्ला तो हा दुसरा. किन्नूचा पहिला घरातच संपला. सासऱ्यांनीच जास्त खाल्ला म्हणे, न बोलता.”

साखरेबरोबर वाटायचं म्हणजे केकमधली अख्खी साखरच त्यात घ्यायची. तिच्या कण्या सालीतल्या तेलाच्या पिशव्या फोडतात आणि ते तेल साखरच धरून ठेवते. किसून घेतलेली साल असेल तर मिक्सरही नको; साखरेत टाकून बोटांनी चोळत राहायचं, साखर दमट लागेपर्यंत. एक मात्र पाहिलेलं बरं. संत्री चकचकीत दिसत असतील तर त्यांना मेण लावलेलं असू शकतं, ती कोमट पाण्यात चांगली चोळून धुवायची.

काकूंनी प्रमाणही आणलं होतं. ते भिशीच्या वहीच्या मागच्या पानावर होतं, ती वही पदराखालून निघाली. कप म्हणजे 240 मिलिलीटरचा. मैदा दीड कप, साखर एक कप, ताजं दही एक कप, तेल अर्धा कप, अंडी तीन, बेकिंग पावडर दोन चहाचे चमचे, चिमूटभर मीठ. साल मध्यम आकाराच्या तीन संत्र्यांची आणि एका लिंबाची. फ्रान्समध्ये घरोघरी असाच दह्याचा केक करतात, आणि तिथं दह्याचं रिकामं भांडंच माप म्हणून वापरतात. आपली वाटी आणि त्यांचं भांडं, हिशेब एकच.

“लोणी नाही?”

“मी पण विचारलं. म्हणाली, काकू, नागपूरच्या मे महिन्यात लोण्याचं तूप होते आणि डिसेंबरात त्याचा दगड होते. तेल बरं, केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहते.”

पटलं. थंडीत घट्ट लोणी साखरेबरोबर फेसत बसण्यात अर्धी सकाळ जाते.

“आणि अंडी? आमच्याकडे चालत नाहीत, तुला माहीतच आहे.” काकूंच्या घरी अंडी चालत नाहीत हे खरं. त्यांचा मुलगा कोपऱ्यावरच्या गाडीवर काय खातो हेही साऱ्या ले-आऊटला माहीत आहे, पण तो विषय वॉलकंपाऊंडच्या या बाजूचा नाही. अंड्याशिवाय करायचा तर बाकी माप तेच, फक्त बेकिंग पावडर सव्वा चमचा आणि अर्धा चमचा खायचा सोडा. सोडा दह्यात मिसळून थोडं थांबायचं, दही फसफसून वर येतं. दह्याच्या आंबटपणाशिवाय सोड्याला काम नसतं, उरतो तो चवीत. वहिनींचा साबण आला तो तिथून.

मैदा घातल्यावर फार घोटायचं नाही, कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात काढायचा. जास्त घोटलं की मैद्यातला चिकटपणा ताणला जातो आणि केक वातड होतो. ओव्हन आधी तापवून 175 अंशांवर साधारण 50 मिनिटं. मधोमध काडी घालून पाहायची. वर लांब भेग पडते ती बिघाड नव्हे; कवच आधी घट्ट होतं आणि आतलं पीठ मागाहून फुगतं, म्हणून पडते.

“आता ती वरची साखर,” काकू म्हणाल्या. “त्यातच तर सगळी गंमत आहे, आणि तिथंच तिनं मोघम सांगितलं. म्हणाली, साखर आणि रस. एवढंच!”

मोघम नव्हतं ते, पण साखर दोनदा येते आणि दोन्ही वेळा वेगळी येते. पहिली केक गरम असताना. पाव कप संत्र्याचा रस, एका लिंबाचा रस आणि दोन मोठे चमचे साखर विरघळेपर्यंत कोमट करायची, केकला काडीनं भोकं पाडायची आणि हा पाक हळूहळू वर सोडायचा. गरम केक तो पिऊन घेतो. दुसरी केक पूर्ण थंड झाल्यावर. एक कप पिठीसाखर आणि साधारण दोन मोठे चमचे रस, तोही थेंबाथेंबानं. चमच्यावरून जाड धार पडली पाहिजे. हीच धार गरम केकवर ओतली तर वितळून ताटलीत उतरते. पावसाळ्यात ती वाळत नाही, हवेतलं पाणी ओढून चिकटच राहते; त्या दिवसांत नुसता पाक बरा.

या धारेत रस लिंबाचा हवा, निदान अर्धा तरी. नुसत्या संत्र्याच्या रसानं ती फक्त गोड लागते. संत्र्याचा रस आयत्या वेळी काढायचा, काढून ठेवला तर कडवट होत जातो, आणि बिया तर मिक्सरमध्ये अजिबात जाऊ द्यायच्या नाहीत.

एवढ्यात कोपऱ्यावरचं फाटक वाजलं. सासरे स्कूटर काढत होते, पुढ्यात रिकामी पिशवी.

“कळमन्याला चालले वाटते,” काकू म्हणाल्या. “स्वतःच्या बागेचा भाव बघायला जातात. येताना पिशवीत काय असते ते आता मावशीला विचारते मी.”

तर मैत्रिणींनो, मृगाची संत्री मार्चपर्यंत बाजारात आहेत. साली फेकू नका आणि एसेन्सची बाटली विकत घेऊ नका. केक आदल्या दिवशी करा, दुसऱ्या दिवशी वास जास्त खुलतो. किन्नू मिळाले तर तेही आणा, पण घरात बागाईतदार असेल तर मेथीची जुडी मोठी घ्या.