नियोजित अरीनासाहेबांस, गंगापूर रोडकडून

प्रति,
मा. नियोजित अरीनासाहेब,
गंगापूर रोड, नाशिक (प्लॉट ठरायचा आहे)

विषय : आपल्या आगमनापूर्वी चार गोष्टी कानावर घालण्याबाबत.

महोदय,

आपला पाया अजून खणलेला नाही, जागा ठरलेली नाही. आपल्याला नाव कोणाचं द्यायचं, हा वाद मात्र आपल्याआधी येऊन पोचेल, याची खात्री बाळगावी. अशा वेळी पत्र पाठवणं घाईचं वाटेल. पण एकदा कोनशिला बसली की पुढे तीच बोलते, इमारतीचं कोणी ऐकत नाही आणि इमारत कोणाचं ऐकत नाही. म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

गंगापूर रोडवर आपलं स्वागतच आहे. अशोक स्तंभाकडून निघावं आणि केटीएचएम कॉलेज, विद्याविकास सर्कल, जेहान सर्कल, आनंदवली, सोमेश्वर करत धरणाच्या वाटेला लागावं. या एका रस्त्यावर नाशिककराला काय मिळत नाही? कॉफी मिळते, दातांचे डॉक्टर मिळतात, मुलांना क्लास मिळतात आणि बारदान फाट्याकडे वळलं तर चुलीवरची मिसळ मिळते. कवितेसाठी कुसुमाग्रज स्मारक आहे. प्रदर्शनांसाठी डोंगरे वसतिगृहाचं मैदान आहे. शहराबाहेर सुलाच्या द्राक्षमळ्यात उघडं अ‍ॅम्फीथिएटर आहे, आणि तिथला सुलाफेस्ट २००८ साली सुरू झाला तेव्हापासून बाहेरगावच्या लोकांनाही नाशिक गाण्यासाठी ठाऊक झालं. नाही ते एक मोठं छप्पर. पावसाळ्यात कबड्डीच्या मैदानाचा चिखल होतो, गाण्याच्या कार्यक्रमाची ताडपत्री पोटात पाणी धरून खाली येते आणि खेळणारी पोरं घरात मोबाइलवर खेळत बसतात. आपली गरज आहे, यात शंका नाही.

आपल्या घराण्याची चौकशी करावी म्हणून आम्ही एका मोठ्या शहरातल्या आपल्या थोरल्या भावंडाकडे जाऊन आलो. नाव लिहीत नाही, उगाच वाकडेपणा नको. सामना कबड्डीचा होता. सोबत मामा होते. तरुणपणी ते मातीत कबड्डी खेळले आहेत, आणि आजही गुडघा दुखला की कोणत्या पकडीत दुखावला ते सांगतात. दारात मोबाइलवरचा चौकोन दाखवला, मनगटावर कागदी पट्टी आली, आणि मग पिशवी उघडायला लावली. आत चिवडा. नाशिकचा.

"काका, बाहेरचं खाणं आत चालत नाही."

"मग बाहेर चालतं ना?" मामा म्हणाले, आणि तिथेच कठड्याला टेकून त्यांनी पुडी फोडली. मागे रांग. सुरक्षारक्षक पोरगा आधी चिडला, मग त्यानं इकडेतिकडे बघून हात पुढे केला. मामांनी त्याच्या तळहातावर चिवडा ठेवला आणि शेंगदाणे वेचून जरा जास्त दिले. रांगेतल्या दोघा-तिघांनाही मूठ-मूठ मिळाली. पुडी संपल्यावर तिची घडी करून खिशात टाकली आणि आम्ही कायदेशीर मार्गानं आत गेलो. आत पॉपकॉर्नच्या एका डब्याचा भाव ऐकून मामा एवढंच म्हणाले, "यात आमच्या मंडळाची ट्रॉफी यायची."

आता खरं सांगायचं तर आतलं काम चोख होतं. खुर्चीला नंबर होता आणि त्या नंबरावर दुसरं कोणी बसलेलं नव्हतं, हा सुखद धक्काच. स्वच्छतागृहात पाणी होतं. सर्वांत वरच्या रांगेतूनही चढाईला आलेल्याचा पाय बोनस रेषेच्या पलीकडे टेकला की नाही, ते दिसत होतं. मॅटवर बुटांचा चरचर आवाज, वरून पांढरा उजेड, धूळ शून्य. मामांची एकच तक्रार, "कपडे मळत नाहीत, मग हरलेला ओळखायचा कसा?" पण तिसाव्या सेकंदाला तिघांनी मिळून एक पकड केली तेव्हा सगळ्यांच्या आधी तेच उभे राहिले. वरळीच्या एनएससीआयच्या घुमटाखाली २०१४ च्या जुलैत प्रो कबड्डीची सुरुवात झाली, तेव्हा मातीतला खेळ मॅटवर गेल्याचं आम्हालाही वाईट वाटलं होतं. पुढे २०२५ च्या जानेवारीत दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे निघाले. तेव्हापासून मातीचा कैवार आम्ही जरा हळू आवाजात घेतो.

त्याच छपराखाली पुढे एका गाण्याच्या कार्यक्रमालाही गेलो. इथे मात्र आपल्या घराण्याची खोड कळली. गायिका एक ओळ म्हणायची, छत तीच ओळ तिच्या मागून म्हणायचं आणि समोरची भिंत दोघांनाही दुरुस्त करायची. तबला कोणत्या मात्रेवर चाललाय, ते फक्त तबलजीला ठाऊक. पत्र्याचं छप्पर आणि काँक्रीटच्या पायऱ्या आवाज गिळत नाहीत, परत फेकतात. त्यावर आवाज शोषणारं अस्तर लागतं, आणि ते टेंडरात शेवटच्या पानावर असतं म्हणून पैसे संपले की पहिलं कापलं जातं. तर महोदय, आपण आपलं अस्तर सोडू नये.

दुसरी गोष्ट उंचीची. मोठ्या आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धेला कोर्टावर १२ मीटर मोकळी उंची लागते. गाण्यावाल्यांना त्याच छताला टनावारी स्पीकर आणि दिवे टांगायचे असतात. ते वजन छताच्या आराखड्यातच धरावं लागतं, मागाहून हुक ठोकून भागत नाही. तिसरी हवेची. बॅडमिंटनचं फूल जेमतेम पाच ग्रॅमचं. एसीचा झोत आडवा आला की ते आपल्या मर्जीनं कोर्टाबाहेर जातं आणि खेळाडू पंचांकडे बघत राहतो. म्हणजे खेळाला झोत नको आणि गर्दीला झोत हवा. हे भांडण नकाशावर मिटवता येतं, उद्घाटनानंतर मिटत नाही. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बर्फावर आइस हॉकी होते आणि त्याच बर्फावर आच्छादन टाकून लाकडी फळ्या जोडून बास्केटबॉल. एवढ्या झटपट बदलाचं आमच्या लॉन्सवाल्यांना काही वाटणार नाही. सकाळी एकाचं लग्न आणि संध्याकाळी दुसऱ्याचं रिसेप्शन ते रोज करतात, तेही कमानीवरचं आधीचं नाव बहुतेक वेळा न विसरता बदलून.

कोणी आपल्याला परदेशी कल्पना म्हणालं तर कोल्हापूरचं खासबाग मैदान दाखवावं. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी युरोपात गेले. रोममधलं गोल क्रीडागार पाहून त्यांच्या मनात कुस्तीचं मैदान आलं, आणि १९१२ साली खासबाग उभंही राहिलं. मधोमध मातीचा हौदा, भोवती चढत जाणारी बैठक, कुठेही बसा, पैलवान दिसतो. छप्पर नाही, पडदा नाही, मनगटाला पट्टी नाही. प्रेक्षकाच्या डोळ्यांचा विचार आधी आणि राजाच्या खुर्चीचा नंतर, असं आमच्याकडे एकदा घडलेलं आहे. आता आराखडा बहुधा व्हीआयपी सोफ्यांपासून सुरू होतो. सोफे पुढे सरकत येतात आणि त्यांच्यामागे बसलेल्या पोराला चढाई टीव्हीवरच बघितल्यासारखी दिसते, कारण तो मोठ्या पडद्याकडेच बघत असतो.

आता नाजूक विषय. आमच्याकडे स्टेडियम म्हटलं की पहिल्यांदा बाहेरचे गाळे बांधतात. गाळ्यांचे लिलाव होतात, झेरॉक्स, मोबाइल रिपेअरिंग आणि पावभाजी सुरू होते, आणि मग कोणाच्या तरी लक्षात येतं की आत मैदान राहिलं. ते झालं की साड्यांचा सेल, गृहप्रकल्पांचं प्रदर्शन, पक्षाचा मेळावा आणि तिथीनुसार लग्नं. खेळाडूंना सोमवारी सकाळी सहा ते सात, तेही वॉचमनला चावी सापडली तर. महोदय, आपण असं होऊ देऊ नये. कविता राऊत सावरपाड्याच्या वाटांवर पळून २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य घेऊन आली. चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकमध्ये वल्ही मारून आला. या दोघांना आपल्यासारख्या छपराची गरज नव्हती, म्हणून जिल्ह्याला वाटतं की कोणालाच नाही. पण ऑगस्टात खो-खोचा खांब चिखलात हलतो आणि सूर मारणारी मुलगी खांब सोडून पाण्यात जाते, तिला विचारून बघा.

पार्किंगबद्दल लिहिणार नव्हतो, पण लिहितो. आपल्या पहिल्या कार्यक्रमाला आमचा रस्ता जेहान सर्कलपासून उभा राहील. लॉन्सचा मुहूर्त असेल तर वरात मधे असेल, आणि वरातीतला डीजे आपल्या गायकापेक्षा मोठ्यानं वाजेल. रस्त्यातल्या जुन्या झाडांना हात लावायचा नाही, ती आपल्यापेक्षा सीनियर आहेत. सिटीलिंकची बस शो सुटायच्या वेळी दाराशी आणायची व्यवस्था आधी करावी आणि मगच तिकिटं छापावीत. आणि दाराशी चिवडा खायला एक बाक ठेवावा. मामा येतील.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवण्याचा निर्णय आपला नकाशा पाहून घेऊ.

आपला,
एक गंगापूर रोडवासी

ता. क. : वरील लग्नांचा मुद्दा ठामच आहे. तरीपण येत्या डिसेंबरापर्यंत आपलं काम झालं, तर एखादा रविवार मोकळा ठेवता येईल का? मेव्हण्याच्या मुलीचं जमलं आहे. पानं दीड हजाराच्या आसपास होतील, आणि लॉन्सवाले ऐकायला तयार नाहीत.