हात इकडं दे

गोंदणारीण माणूस चेहऱ्यानं ओळखत नाही, मनगटानं ओळखते. महाशिवरात्रीला औंढा नागनाथाच्या यात्रेत, आकाशपाळणा आणि रेवड्यांची दुकानं यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत ती पोतं टाकून बसलेली असते. समोर करवंटीत कालवलेलं काजळ, कागदाच्या पुडीत हळद आणि दोऱ्यानं गच्च बांधलेल्या तीन सुया. पाटी नाही, दरपत्रक नाही. नमुने पाहायचे तर तिचेच दोन हात, कोपरापर्यंत. त्यातलं काय हवं ते आपण सांगायचं, अशी नव्या माणसाची समजूत असते. ती पोत्यावर बसेपर्यंतच टिकते.

तुळस काढून घ्यायला आलेली बाई विंचू घेऊन घरी जाते. कारण विचारलं तर उत्तर तयार: "तुळस तुव्ह्या दारात हायच की. इच्चू दारात येऊ नाई म्हून हातावर पाह्यजे." यावर काय बोलणार? शिवाय तोवर नांगी निम्मी झालेली असते.

दुखण्यावर तिच्याकडे औषध नाही, गप्पा आहेत. मनगटाच्या हाडाजवळ सुई आली, की ती बाईला हळूच सासूबद्दल विचारते. पुढची पंधरा मिनिटं त्या बाईला आपल्याला हात आहे याचाही विसर पडतो. पुरुषाला ती शेताच्या बांधाबद्दल विचारते. भावानं बांध किती कोरला हे सांगता सांगता दंडावर अख्खा हनुमान उभा राहतो, गदेसकट.

नवऱ्याचं नाव हा तिच्या धंद्यातला खरा जोखमीचा भाग. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. रेशनच्या दुकानात विचारलं की हात पुढं करायचा, वाच म्हणायचं. पण गोंदणारणीला स्वतःला अक्षर येत नाही. मग जवळून जाणाऱ्या एखाद्या शाळकरी पोराला पकडून बॉलपेननं नाव लिहून घ्यायचं आणि त्यावरून सुई चालवायची. पोरगा चौथीतला निघाला तर 'महादेव'चा 'माहादेव' होतो आणि जन्मभर तसाच नांदतो. एकाच्या हातावर, लहानपणी यात्रेत हरवू नये म्हणून, गाव-तालुक्यासकट पत्ता होता, शेवटी 'जि. परभणी'. 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा तो दुरुस्तीला आला. तिनं साफ नकार दिला. "मव्हं काम झालं तवा परभणीच व्हती."

पोरगं दिसलं की मात्र ती एक प्रश्न आधी विचारते: "भरतीला जायचंय का?" हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 आहे, पहाटे डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या पोरांना या भागात तोटा नाही, आणि त्यातल्या निम्म्यांची नजर सैन्यावर. सैन्यभरतीत गोंदण चालतं ते कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत, नाहीतर तळहाताच्या मागं. आदिवासींना त्यांच्या रूढीपुरती सूट आहे. बाकीचा पोरगा दंडावर वाघ घेऊन गेला तर पळण्यात पहिला येऊनही घरी परततो. हा नियम तिनं कुठं वाचलेला नाही. परत आलेल्या वाघांवरून ती तो शिकली. तेव्हापासून 'हो' म्हणणाऱ्याचा हात ती न विचारता उलटा करते.

शेजारी मशीनवाला असतो. बॅटरी, गुणगुण, रंगाच्या बाटल्या, इंग्रजी अक्षरं. गर्दी सगळी तिकडं. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीनं 1891 मध्ये या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि ते बेतलं होतं एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून. कचेऱ्यांत कागदाला भोकं पाडून नकला काढायची ती लेखणी. तिला हा इतिहास कुणी सांगितला असेल असं वाटत नाही, पण मशीनबद्दलचं तिचं मत नेमकं तेच आहे: "ते लिवायचं काम हाय. गोंदायचं नाई."

तर अशा बाईपुढे पुण्याला कॉम्प्युटरात नोकरी करणारा एक पोरगा येऊन बसला. त्याला मशीन नकोच होतं. हातानं टोचलेलं हवं होतं. पुण्यात त्याचे हजारांत पैसे घेतात म्हणे. त्यानं मोबाइलवर चित्र दाखवलं: लांब तोंड, डोक्यावरून मागं गेलेली सोंड, पायांच्या जागी वेटोळी. तिनं मोबाइल आडवा केला, उभा केला.

"हत्ती हाय का डुक्कर?"

पोरगा सरसावून बसला. स्कॉटलंडात पूर्वी पिक्ट नावाचे लोक होते, इ.स. 297 मध्ये रोमनांनी त्यांचा उल्लेख केला, ते अंग चितारायचे, हा त्यांचा प्राणी. खरं तर तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. तिकडचे विद्वानही या जनावरावरून भांडतात. कुणी डॉल्फिन म्हणतं, कुणी दंतकथेतला पाण्यातला घोडा, कुणी चक्क हत्ती.

"मंग त्याह्यच्या हातावर असंच हाय का?"

"हात नाही उरला एकाही माणसाचा. दगडांवर कोरलंय."

"मंग ते गोंदायचे कशावरून?"

पोरगा गप्प. या मुद्द्यावर मोठमोठे अभ्यासकही फार ठासून बोलत नाहीत, तो तरी काय सांगणार?

मग त्यानं पिशवीतून बंद पाकिटातली नवी सुई काढली; दुसरी वापरू देणार नाही म्हणाला. शहाणपणाचंच होतं ते. तिनं ती उन्हात धरून टोक निरखलं. एका दांडीला तीन टोकं, डाग देऊन घट्ट जोडलेली. आधी सुईकडे, मग स्वतःच्या दोऱ्यात बांधलेल्या तिघींकडे तिनं पाहिलं, आणि चेहऱ्यावर पेटंट चोरीला गेलेल्या माणसाचा भाव आला. "इलायतेत दोरा मिळत नाई वाटतं," एवढंच म्हणाली.

हात उलटा झाला. भरतीला जायचं नाही असं तो सांगत होता. तिनं ऐकलं नाही. टोचता टोचता पुण्यातल्या घरमालकाचा विषय निघाला आणि पोरगा वाहत गेला. भानावर आला तेव्हा जनावराला चार खूर फुटले होते. "वेटोळ्यावर उभं कसं ऱ्हाईल ते?" मागं गेलेली सोंड शिंगात जमा झाली होती. पाठीवर वशिंड आलं होतं. वर वसमतची हळद चोळून तिनं हात सोडला.

पोरगा बराच वेळ मनगट फिरवत राहिला. मग म्हणाला, "मावशी, आता ह्याला म्हणायचं तरी काय?"

"पन्नास रुपये दे," ती म्हणाली, "मंग काय बी म्हण."