एकशे एकोणीस वजा चार

विमानात खिडकीची जागा मिळाली की माणूस काय काय पाहतो! ढग पाहतो, खाली आपली सोसायटी दिसते का ते पाहतो, पंखाचा फोटो काढून स्टेटसला ठेवतो. पंखावरचे स्क्रू मात्र कोणी पाहत नाही. त्यासाठी पगारी माणसं ठेवलेली असतात, अशी आपली समजूत. जानेवारी २०२४मध्ये मँचेस्टरहून न्यूयॉर्कला निघालेल्या व्हर्जिन अटलांटिकच्या एअरबस ए-३३०मधल्या एका प्रवाशाने ही समजूत मोडीत काढली. विमान अजून जमिनीवर होतं. सुरक्षेच्या सूचना चालू होत्या, पट्टा असा बांधा, मास्क असा ओढा. तेवढ्यात याची नजर बाहेर गेली आणि पंखावरच्या एका पॅनेलवर फास्टनरच्या जागी नुसती भोकं दिसली. एक नाही, चार. त्याने कर्मचाऱ्यांना सांगितलं. इंजिनिअर आले, स्क्रूड्रायव्हर घेऊन पंखापाशी गेले, त्याचे फोटो जगभर फिरले आणि शेवटी उड्डाणच रद्द झालं.

खुलासाही लगेच आला. त्या पॅनेलला एकूण ११९ फास्टनर असतात, चार नसल्याने पंखाच्या मजबुतीला काही होत नाही. मग रद्द का केलं? खबरदारी म्हणून. म्हणजे धोका शून्य टक्के आणि खबरदारी शंभर टक्के.

गंमत अशी की हा खुलासा खरा आहे. विमान बांधताना एखादा जोड गेलाच तर भार शेजारच्या जोडांनी उचलावा, असा हिशेब आधीच धरलेला असतो. पण आपल्याकडे मिक्सर दुरुस्त करून देणारा दोन स्क्रू हातावर ठेवतो आणि 'हे जास्तीचे होते, काकू' म्हणतो, तेव्हा काकू गप्प बसत नाहीत. 'जास्तीचे होते तर कंपनीने लावले कशाला?' असं त्या ठणकावून विचारतात. या काकूंना एखाद्या विमान कंपनीच्या संचालक मंडळावर घ्यायला हरकत नाही.

कारण गायब फास्टनर हा ताकदीचा मामला क्वचितच असतो. ते पॅनेल शेवटचं कोणी उघडलं होतं, बंद करताना मध्येच कोणी हाक मारली होती का, आणि 'काम पूर्ण' अशी सही कोणी आणि काय बघून केली, हे त्या रिकाम्या भोकातून विचारायचं असतं. स्क्रू काही चारचौघं मिळून आपणहून रजेवर जात नाहीत.

आता सरकारी भाषेत या विषयाकडे येऊ. विमान बनवणाऱ्या कंपनीला एखादी खोट दिसली की ती विमान कंपन्यांना पत्र लिहिते. पत्रात शिफारस असते. शिफारस म्हणजे काय, हे सरकारी समित्यांचे अहवाल पाहिलेल्या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. त्याच्यावरची पायरी म्हणजे 'एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह'. तो अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए किंवा तिच्यासारख्या संस्था काढतात. इतक्या दिवसांत, इतक्या तासांत किंवा इतक्या उड्डाणांत तपासा. नाहीतर विमान उभं करा. हा झाला सक्तीचा आदेश. शिफारशीतून सक्तीपर्यंतचा प्रवास नेमका कशाने होतो, हे पाहायचं तर २००७ सालच्या ओकिनावाला जावं लागेल.

२० ऑगस्ट २००७. चायना एअरलाइन्सचं बोइंग ७३७-८०० तैपेईहून नाहाला आलं. उतरलं, थांबण्याच्या जागी येऊन उभं राहिलं, इंजिन बंद झालं आणि उजव्या पंखाखाली आग लागली. १६५ माणसं घसरगुंड्यांवरून खाली उतरली, सगळी वाचली. विमानाचा मात्र कोळसा झाला. एवढं सगळं कशामुळे? एका वॉशरमुळे.

पंखाच्या पुढच्या कडेला स्लॅट नावाच्या हलत्या पट्ट्या असतात. उतरताना त्या पुढे येतात, उतरल्यावर मागे जातात. त्या ज्या वाकड्या रुळावर सरकतात, त्याचं मागचं टोक पंखातल्या एका डब्यात शिरतं. आणि हा डबा असतो इंधनाच्या टाकीच्या पोटात. रूळ गरजेपेक्षा पुढे सरकू नये म्हणून टोकाला अडसर, आणि तो अडसर धरायला एक बोल्ट, एक नट, एक वॉशर. नाहाच्या विमानात वॉशर नव्हता. नट भोकापेक्षा लहान होता, त्यामुळे वॉशर नसताना अख्खी जोडणी भोकातून निसटली आणि डब्यात पडली. उतरल्यावर वैमानिकाने नेहमीप्रमाणे स्लॅट आत घेतले. मागे येणाऱ्या रुळाने तो पडलेला बोल्ट डब्याच्या भिंतीत दाबला, भिंतीला भोक पडलं, इंधन गळलं, आणि खाली होतं नुकतंच बंद झालेलं, तापलेलं इंजिन.

इथवर ही नुसती दुर्घटना आहे. पुढे खरी मेख आहे. हा नट सैल होऊन सुटतो, हे बोइंगला आधीच कळलं होतं. डिसेंबर २००५मध्ये कंपनीने पत्र पाठवलं होतं, की नट काढा, आट्यांना घट्ट धरून ठेवणारं रसायन लावा, नट परत बसवा. चायना एअरलाइन्सने हे पत्र फेकून दिलं नाही. अपघाताच्या महिना-दीड महिना आधी, जुलै २००७मध्ये, त्यांच्या लोकांनी ते काम केलं. जपानच्या तपास मंडळाचा निष्कर्ष असा, की त्याच कामात, नट काढला तेव्हा वॉशर गळून पडला असावा. जागा इतकी अडचणीची की हात जातो पण डोळा जात नाही. नट सुटू नये म्हणून केलेल्या दुरुस्तीतच नट सुटायची सोय झाली.

मग सक्ती आली. आगीनंतर पाच दिवसांत एफएएने तातडीचा आदेश काढला : नव्या पिढीच्या सगळ्या ७३७ विमानांमधली ही जोडणी २४ दिवसांत तपासा. तपासणी सुरू झाली आणि आणखी काही विमानांत हेच भाग सैल निघाले. तेव्हा आदेश बदलला, २४ दिवसांचे १० झाले. डिसेंबर २००५पासून ऑगस्ट २००७पर्यंत ज्या नटाला मुदतच नव्हती, त्याला आठवड्याभरात दोनदा मुदत मिळाली. नटाला काही नव्याने वाईट सवय लागली नव्हती. आगीचे फोटो तेवढे आले होते.

एफएएला मी इथे मुद्दाम झोडपत नाही. आदेश काढला नसता तर ते सैल बोल्ट तसेच फिरत राहिले असते. फक्त एवढंच पाहा, की आदेश धातूला तपासतो. त्या अडचणीच्या जागेत रात्री हात घालणाऱ्या माणसाला नीट दिसत होतं का, हे तपासायला कोणता आदेश आहे?

हाच प्रयोग पुढे नव्या नटसंचात झाला. डिसेंबर २०२३च्या शेवटी बोइंगने ७३७ मॅक्स चालवणाऱ्यांना सांगितलं, शेपटीतल्या रडरच्या जोडणीतले बोल्ट बघून घ्या. एका कंपनीला नेहमीच्या देखभालीत एका बोल्टचा नटच सापडला नव्हता. तपासायला विमानामागे सुमारे दोन तास लागतील, असंही सांगितलं. बघण्याचं काम चालू असतानाच ५ जानेवारी २०२४ला अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स-९ विमानाची, दरवाज्याच्या जागी बसवलेली अख्खी झडप पोर्टलँडच्या आकाशात उडून गेली. तिला जागेवर धरणारे चार बोल्ट नव्हते. (चार हा आकडा या धंद्याला लागू पडत नसावा.) ते का नव्हते? कारखान्यात झडपेच्या शेजारचे पाच रिव्हेट खराब होते. ते दुरुस्त करायला झडप उघडावी लागली, उघडायला चार बोल्ट काढावे लागले. रिव्हेट दुरुस्त झाले. बोल्ट परत लावले गेले नाहीत. आणि झडप उघडल्याची नोंद कुठेच सापडली नाही. पुन्हा तेच : फास्टनर दुरुस्त करताना फास्टनर हरवले.

त्या प्रकरणात आपल्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, डीजीसीएनेही चपळाई दाखवली. दुसऱ्याच दिवशी भारतातल्या ७३७ मॅक्स विमानांच्या पंखावरच्या आपत्कालीन दरवाज्यांची एकदा तपासणी करायला सांगितलं. मॅक्स-९ हे विमान भारतातल्या एकाही कंपनीकडे नव्हतं, म्हणजे ती झडपही नव्हती, पण काहीतरी तपासणं आवश्यक होतं. तपासलं, सगळं ठीक निघालं. चेष्टा नको, हे चांगलंच झालं. पण रोजच्या तपासण्या करणाऱ्या याच डीजीसीएत मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी रिकामी आहेत, असं २०२५मध्ये संसदेच्या समितीनेच सांगितलं. बोल्ट नसले तर विमान थांबतं. तपासनीस नसले तर फक्त फाईल थांबते, आणि फाईल थांबण्याची देशाला सवय आहे.

कारागीर मंडळी मात्र या सगळ्यात मूर्ख नाहीत. नट कसून झाला की नट आणि बोल्ट दोघांवरून जाणारी रंगाची रेघ ओढतात. नट जरा फिरला की रेघ तुटलेली दिसते, मोजायलाही नको. सैल रिव्हेटभोवती घासून घासून काळी रेघ उमटते, तेव्हा तंत्रज्ञ म्हणतात, हा रिव्हेट 'धूर सोडतोय'. अनेक हँगरांत औजारांच्या फळीवर प्रत्येक पान्ह्याची आकृती काढलेली असते. रात्री एक आकृती रिकामी दिसली तर तो पान्हा सापडेपर्यंत विमान हलत नाही. उत्तम पद्धत. पान्ह्याला फळीवर राखीव जागा आहे. वॉशरला तशी जागा कुठे आहे? तो पिशवीतून येतो, चुकून खाली पडतो, घरंगळतो, आणि कोणाच्याच हजेरीपटावर नसतो.

सगळे बोल्ट जागेवर असले म्हणजे झालं, असंही नाही. जून १९९०मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या उड्डाण ५३९०ची समोरची काच हवेत निखळली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले, माणूस वाचला. काचेला ९० बोल्ट होते, एकही गायब नव्हता. त्यातले ८४ इंचाच्या २६ हजारांश भागाने बारीक होते. रात्रपाळीच्या प्रमुखाने ते जुन्या बोल्टशी डोळ्यांनी जुळवून निवडले होते. खिडकीतून पाहणाऱ्या प्रवाशाला इथे काहीच दिसलं नसतं.

पण मला सगळ्यात जास्त छळते ती ११ सप्टेंबर १९९१ची गोष्ट. कॉन्टिनेंटल एक्सप्रेसचं एम्ब्राएर-१२० हे छोटं विमान टेक्ससमध्ये लारेडोहून ह्यूस्टनला येत होतं. ईगल लेकजवळ शेपटीवरच्या आडव्या पंखाची पुढची कड सुटली, विमान हवेत फुटलं, चौदाही जण गेले. त्या कडेचे वरच्या बाजूचे ४७ स्क्रू नव्हते.

आदल्या रात्री बर्फ फोडून काढणाऱ्या रबरी पट्ट्या बदलण्याचं काम चाललं होतं. संध्याकाळच्या पाळीतल्या एकाने डाव्या बाजूचे वरचे स्क्रू काढले. तो होता तपासनीस. दुरुस्ती करणाऱ्यांचं काम लवकर उरकावं म्हणून स्वतःच स्क्रूड्रायव्हर घेऊन मदतीला गेला होता. पाळी संपली. काढलेल्या स्क्रूंची नोंद कामाच्या कागदावर नीट झाली नाही, पाळी बदलताना तोंडी निरोपही पुढे पोचला नाही. रात्रपाळीने उजवी बाजू पुरी केली. डावीकडे काय झालंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेपटी उंच, आणि स्क्रू काढलेले वरच्या बाजूने. खालून टॉर्च मारली तरी दिसणार नव्हतं. सकाळी विमान ह्यूस्टनहून लारेडोला एकदा गेलंसुद्धा, काही झालं नाही. परतीच्या वाटेवर झालं.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, एनटीएसबीने, ठपका ठेवला : देखभाल आणि तपासणी करणाऱ्यांनी ठरलेली पद्धत पाळली नाही. ते बरोबरच होतं. मंडळाचे एक सदस्य जॉन लॉबर यांना मात्र ते पुरेसं वाटलं नाही. त्यांनी वेगळं मत लिहिलं, की पद्धत न पाळणं चालून जाईल असं वातावरण ज्या वरिष्ठ व्यवस्थापनाने राहू दिलं, त्याचंही नाव अपघाताच्या मुख्य कारणांत हवं. बाकीच्या सदस्यांना ते पटलं नाही.

लॉबर यांचं ते मत अहवालाच्या शेवटी छापलेलं आहे. फार लांब नाही. जगभरच्या विमान कंपन्यांच्या साहेबांनी ते वाचावं, असा सक्तीचा आदेश काढायला काय हरकत आहे? मुदत २४ दिवस. घाई असेल तर १०.